लिवून काय होतंय?

आपल्यातल्या लिहिणाऱ्या प्रत्येक पोराला हा प्रश्न तीन तोंडांनी विचारला जातो. घरात आई विचारते. ती पोटासाठी विचारते, आणि तिला उत्तर द्यायला वेळ लागत नाही. काही मिळत नाही आई, उलट कागदाचे आणि पेनाचे पैसे जातात. दुसरे विचारणारे साहित्याचे ठेकेदार. तुमच्यात आक्रोश आहे पण कला कुठाय, वगैरे. त्यांना अशा पानांतून आपण पुष्कळदा सुनावलंय, मी त्यात शाई घालवत नाही. मला तिसऱ्याशी बोलायचंय. तो आपलाच कार्यकर्ता आहे, आपल्याच चटईवर बसतो, आणि त्याचा प्रश्न टोचतो.

तो म्हणतो, वस्तीत नळाला पाणी नाही. एका पोरावर खोटी केस पडलीय. शिष्यवृत्तीचे पैसे अडकलेत. तालुक्याला धरणं धरायचं तर पन्नास माणसं जमत नाहीत. आणि तू पाळी सुटल्यावर कविता करत बसतोस? कवितेनं कुणाचा नळ चालू झालाय?

या प्रश्नावर चिडू नये. प्रश्न खरा आहे. मी सूतगिरणीत रिंगफ्रेमवर उभा असतो. पाळीभर तुटलेला धागा सांधायचा, पुढं जायचं, मागं बघावं तर दुसरा तुटलेला. त्या आवाजात शेजारच्याची हाक ऐकू येत नाही, हातानं खुणा कराव्या लागतात. तिथं शब्दाची किंमत किती, हे मला शिकवायला कुणी लागत नाही. तरी मी लिहितो, माझ्यासारखी बरीच पोरं लिहितात. का लिहितात ते नीट मांडून बघू.

आपण लिहायला लागलो त्याच्या कितीतरी आधीपासून आपल्याबद्दल लिहिलं जात होतं, हे आधी ध्यानात घेतलं पाहिजे. मनुस्मृती हे लिखाणच. २५ डिसेंबर १९२७ ला महाडात ती जाळली गेली. नुसतं जुन्या पानांचं बाड असतं तर त्याला काडी लावायला कशाला एवढी माणसं जमवली असती? त्या पानांवर लिहिलेलं माणसांच्या पाठीवर उमटत होतं म्हणून जाळली. तिकडं धर्माची पोथी, इकडं गावात कुलकर्ण्याचं दप्तर. कुणाची जमीन कुठवर, कुणाचं देणं किती, सगळं त्यात. आणि महाराचं काम काय? वतनाच्या कामात सरकारी टपाल तालुक्याला नेणं हेही काम होतं. जरा डोळ्यांपुढं आणा. माणूस बगलेत कागद घेऊन उन्हातान्हात कोसभर, दोन कोस चालला. आत काय लिहिलंय ते त्याला वाचता येत नाही. त्याच्याच भावकीच्या विरोधातला हुकूम असेल. तो नेऊन पोचवतो, जोहार करतो आणि परत येतो. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्तीचं विधेयक आणलं. वतन जायला १९५८ चा कायदा यावा लागला. तीस वर्षं.

आपलं लिहिणं कुठून सुरू होतं असं मला कुणी विचारलं तर मी तिथून सांगेन. बगलेतला कागद उघडून वाचला, तिथून. मग त्याच कागदाच्या पाठीवर आपलं म्हणणं लिहिलं.

१८५५ साली एका मांगाच्या शाळकरी मुलीनं ते लिहिलं. मुक्ता साळवे. पुण्यात जोतिराव-सावित्रीबाईंच्या शाळेत शिकत होती. तिचा मांग-महारांच्या दुःखावरचा निबंध 'ज्ञानोदया'त दोन हप्त्यांत छापून आला. आपल्याकडं तिचं नाव भाषणात घेतात, निबंध फार थोड्यांनी वाचलेला असतो. वाचा. त्यात मला सगळ्यात काय धरून ठेवतं सांगू? ती नुसतं 'आमच्यावर फार जुलूम झाला' असं म्हणून थांबत नाही. पेशवाईत तालमीपुढून मांग-महार गेला तर त्याचं काय व्हायचं, ते गुलटेकडीच्या मैदानाचं नाव घेऊन सांगते. आमच्या बाया बाळंत होतात तेव्हा डोक्यावर छप्पर नसतं, थंडीवाऱ्यात त्यांचं काय होतं, ते सांगते. वेद जर ब्राह्मणांचेच, तर मग आमचा धर्मग्रंथ कुठला, असा थेट देवालाच सवाल करते. शाळेत जेमतेम काही वर्षं काढलेली पोर. तिच्याकडं कला होती का? तिच्याकडं मैदानाचं नाव होतं.

त्यानंतर पासष्ट वर्षांनी, ३१ जानेवारी १९२० ला 'मूकनायक' निघाला. त्याची जाहिरात पैसे घेऊनही छापायला 'केसरी'नं नकार दिला होता. 'बहिष्कृत भारत' निघाला ३ एप्रिल १९२७ ला. तारीख बघा. महाडचं चवदार तळं २० मार्चचं. म्हणजे तळ्यावर पाणी पिऊन झालं, परतताना लोकांची डोकी फुटली, आणि पंधरा दिवसांत पाक्षिक सुरू झालं. बाबासाहेब त्या पाक्षिकाचे चोवीस-चोवीस रकाने एकट्यानं लिहीत होते, कारण लिहायला दुसरं कुणी नव्हतं. परदेशातनं एवढं शिकून आलेला बॅरिस्टर! माझा कार्यकर्ता मित्र तिथं असता तर म्हणाला असता का, की साहेब, लोक मार खातायत आणि तुम्ही रकाने भरत बसलाय?

आणि तळ्याचं पुढं काय झालं? डिसेंबर १९२७ मध्ये स्पृश्यांनी कोर्टात दावा लावला. खटला दहा वर्षं चालला. मार्च १९३७ मध्ये हायकोर्टानं आपल्या बाजूनं निकाल दिला. तळ्यावर आमची वहिवाट पूर्वापार आहे हे स्पृश्यांना शाबित करता आलं नाही. तिथं ओंजळ लागली आणि कागदही लागला. मोर्चा आणि लिखाण यांची तुलना लावणारे मला म्हणून पटत नाहीत. ज्यानं दोन्ही केलं त्याला हा प्रश्नच पडला नव्हता.

एवढ्यावर लेख संपवला तर कार्यकर्ता म्हणेल, ठीक आहे, पाक्षिक चालव, अर्ज लिही, कोर्टाचे कागद लिही. कविता कशाला? तर आता कवितेकडं येतो. तिथं मामला जास्त अवघड आहे आणि आपण त्याबद्दल आपसात बोलत नाही.

माझा एक मित्र आहे, चांगला लिहितो. भीमजयंतीच्या कार्यक्रमात त्यानं वस्तीतल्या एका मावशीवर कविता वाचली. मावशी सफाईच्या कंत्राटी कामावर जाते, पहाटे चारला उठते. कवितेत ती गटारात हात घालते, रडते, पदरानं डोळे पुसते, पुन्हा रडते. टाळ्या पडल्या. दोन पोरांनी तर उठून हात मिळवला. मावशी तिथंच बायकांत बसली होती. कार्यक्रम उरकल्यावर सतरंज्या गोळा करताना तिनं त्याला गाठलं.

"आरं लेकरा, त्यी म्या हाय व्हय?"

"हो मावशी, तुझ्यावरच हाय."

"मग त्यी एवढी रडतिया कशापायी? म्या न्हाई बा एवढी रडत. मुकादमानं हाजरी कापली तवा त्याची गचांडी धरली हुती म्या, चौकात. समद्या बायका हुत्या. त्ये का न्हाई घातलंस?"

मित्र गप्प झाला. मग म्हणाला, मावशी, कविता हाय ती. मावशी म्हणाली, "मग माझं नाव काढ त्यातनं." आणि सतरंजी उचलून गेली.

दोस्तांनो, मला वाटतं आपल्या साहित्यावरची सगळ्यात कडक समीक्षा त्या दिवशी सतरंजी गोळा करताना झाली. विद्यापीठात बसलेल्या कुणाला ती जमली नसती.

मावशीनं दोन गोष्टी विचारल्या. एक, हे खरं आहे का. दुसरी, माझं दुःख तू घेतलंस ते कुणाला विचारून. दुसऱ्याच्या पोळलेल्या हातावर कविता होते तेव्हा तो हात कुणाचा? आपण म्हणतो आमच्या समाजाचं दुःख, म्हणजे माझंच. अर्धं खरं आहे. एकाच वस्तीत राहिलो, एकच शिवी खाल्ली. पण गटारात हात माझा नाही गेला, मावशीचा गेला. हजेरी तिची कापली. टाळ्या कवीला पडल्या. प्रस्थापित लेखक आपली दुःखं उसनी घेऊन कथा लिहायचे तेव्हा आपण त्यांना भरचौकात जाब विचारला. तो जाब मावशीनं आपल्याला विचारला तर चालेल का? चाललाच पाहिजे.

हा वाद नवा नाही. १९७८ साली दया पवारांचं 'बलुतं' आलं तेव्हा आपल्यातल्याच किती जणांनी तोंडं वाकडी केली! आता कुठं आपण धुतल्या कपड्यात हिंडायला लागलो, आणि हा माणूस जुनी घाण उकरून जगाला दाखवतोय, म्हणाले. आपली लक्तरं आपणच वेशीवर टांगायची का? शिकून नोकरीला लागलेल्यांना जास्त झोंबलं. मी 'बलुतं'च्या बाजूचा आहे. पण विरोध करणाऱ्यांना मी नुसते पांढरपेशे म्हणून झटकणार नाही, त्यांच्या भीतीत काहीतरी आहे. लक्तरं टांगल्यावर बघायला कोण येतं? ज्यानं ती लक्तरं केली तोच येतो, च् च् करतो, पुस्तक विकत घेतो, आणि घरी जाऊन भाड्यानं खोली देताना आडनाव विचारतो. आपलं दुःख त्याला नाटक-सिनेमासारखं लागायला लागलं तर आपण लिहून कुणाची सोय केली?

मग काय करायचं? लपवायचं? लपवणं म्हणजे करणाऱ्यालाच मदत. उत्तर शोधायला मी पुन्हा बाबासाहेबांकडं गेलो. त्यांचं एक लहानसं लिखाण आहे, 'वेटिंग फॉर अ व्हिसा'. त्यांच्या हयातीत ते पुस्तक झालं नाही, पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं १९९० साली पुस्तिका काढली. अस्पृश्यता म्हणजे काय हे परदेशातल्या माणसाला कळावं म्हणून लिहिलेलं. ते कसं लिहिलंय ते बघण्यासारखं आहे. आधी स्वतःवर गुदरलेलं. लहानपणी १९०१ साली मसूर स्टेशनावर उतरल्यावर गाडीवाला मिळेना, दुप्पट भाडं दिलं, गाडी पोरांनीच हाकायची आणि गाडीवाल्यानं पायी चालायचं असं ठरलं. मग बडोद्याची पारशाची खानावळ. मग १९२९ साली चाळीसगावला टांगेवाल्यांनी न्यायला नकार दिला, वस्तीतल्या माणसानं टांगा हाकला, त्याला सवय नव्हती, टांगा उधळला, बाबासाहेब पडले आणि पाय मोडला. स्वतःचं सांगून झाल्यावर मग दुसऱ्यांचं येतं. काठेवाडातल्या एका अस्पृश्य शिक्षकाची बायको बाळंतपणानंतर आजारी पडली. डॉक्टर वस्तीत शिरेना. दोन रुपये फी ठरली. डॉक्टरनं थर्मामीटर एका मुसलमानाच्या हातात दिलं, त्यानं नवऱ्याला दिलं, नवऱ्यानं बायकोला लावलं, आणि त्याच वाटेनं ते परत गेलं. बाई मेली. हे बाबासाहेब आपल्या शब्दांत रंगवत नाहीत. त्या शिक्षकाचं पत्रच देतात, कुठल्या पत्रात कधी छापलं ते सांगून : 'यंग इंडिया', १२ डिसेंबर १९२९.

मला यात एक पद्धत दिसते. त्यांनी पद्धत म्हणून ती सांगितलेली नाही, ही माझी समज. स्वतःचं असेल ते स्वतः सांग, लाज न धरता. दुसऱ्याचं असेल तर त्याचं तोंड त्याला राहू दे. आणि तारीख, गाव, किती पैसे, कुणाच्या हातातून कुणाच्या हातात, हे सोडू नको. त्या थर्मामीटरचा प्रवास वाचताना जी आग होते ती पदरानं डोळे पुसण्याच्या दहा ओळींनी होत नाही. मावशीची गचांडी कवितेत आली असती तर ती कविता कुणी च् च् करत ऐकली नसती. ऐकणाऱ्याच्या मनात आलं असतं, ही उद्या माझीही धरील.

बेबीताई कांबळे यांचं 'जिणं आमुचं' या बाबतीत मला फार मोठं वाटतं. फलटणला छोटं दुकान चालवायच्या. दुकानात बसून लिहायच्या आणि घरच्यांपासून लपवून ठेवायच्या, वीस वर्षं. १९८२ साली 'स्त्री' मासिकात क्रमशः आलं, १९८६ ला पुस्तक. त्यात सवर्णांनी केलेला जुलूम आहे, पण आपल्याच घरातल्या पुरुषांनी बायकांना कसं मारलं, तेही आहे. ते वाचून आपली पोरं अस्वस्थ होतात. व्हावं. स्वतःच्या संसारातला मार मात्र ताईंनी पुस्तकात फारसा आणला नाही, तो पुढं मुलाखतीत सांगितला. हे त्यांचं त्यांनी ठरवलं. काय सांगायचं, कधी सांगायचं, हा हक्क भोगणाऱ्याचा, दुसऱ्या कुणी तो घेऊ नये. पुरुष कवींनी तर नाहीच नाही. आपल्या कवितांत आई सारखी येते, राबते, खंगते, मरते. आपल्याकडं किती पोरांनी आईला विचारून लिहिलंय?

लिहिणं भोगणाऱ्याच्या हातात का पाहिजे, याचा एक दाखला माझ्या धंद्यातला देतो. मुंबईच्या गिरण्यांत साचेखात्यात, म्हणजे विणकामात, आपल्या लोकांना घेत नसत. पगार तिथं जास्त. कारण काय, तर कांडी बदलताना धोट्यातला धागा तोंडानं ओढून घ्यावा लागे, आणि महाराच्या तोंडाचा धोटा दुसरा कसा तोंडाला लावणार? १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा सवाल युनियनपुढं ठेवला. जगातल्या कामगारांनो एक व्हा, आणि धागा मात्र वेगवेगळ्या तोंडानं ओढा! आता गिरणगावावर मी हाताला लागेल ते वाचलंय. भोंगा वाचला, चाळ वाचली, खानावळ वाचली, १९८२ चा संप वाचला. त्या गोष्टी-कवितांत हा धोटा मला सापडला नाही. लिहिणारे वाईट नव्हते, त्यातले काही तर आपल्या बाजूनं उभे राहिलेले. पण धागा त्यांना कुणी अडवला नव्हता, म्हणून दिसला नाही. आपण नाही लिहिलं तर ते कुणी मुद्दाम दडपायलाही नको, आपसूक गळून जातं.

आणि शब्दाची किंमत किती, तेही इथंच कळतं. कापसाच्या धुळीनं छाती जाते. सुट्टीनंतरच्या पहिल्या पाळीला छाती जास्त आवळते, जुने कामगार हे बरोबर सांगतात, डॉक्टरी पुस्तकातही तसंच आहे. त्या रोगाला बायसिनोसिस म्हणतात आणि कामगारांच्या नुकसानभरपाईच्या कायद्यात धंद्यामुळं होणाऱ्या रोगांच्या यादीत तो आहे. पण चिठ्ठीवर 'दमा' लिहिलं, किंवा 'विडी ओढतो' लिहिलं, की भरपाई संपली. छाती तीच, खोकला तोच. कागदावर कुठला शब्द पडला एवढ्यावर घरात चूल पेटणार की नाही ते ठरतं. आम्हा कामगारांना तो शब्द उच्चारता येत नाही हे ज्यांच्या सोयीचं आहे त्यांच्या फार सोयीचं आहे.

खैरलांजीत २९ सप्टेंबर २००६ ला एका कुटुंबातले चौघे मारले गेले. तुम्हाला ते सांगायला नको. सप्टेंबर २००८ मध्ये सत्र न्यायालयानं आठ जणांना खुनाबद्दल दोषी धरलं, पण १९८९ चा अॅट्रॉसिटीचा कायदा लागू होतो असं मानलं नाही. म्हणजे चार मुडदे कागदावर आले आणि जात कागदावरून पुसली गेली. कविता त्यावर खूप झाल्या, मीही वाचल्यात, काही चांगल्या आहेत. पण पहिल्या दिवशी पोलीस ठाण्यात फिर्यादीत काय लिहिलं जातं, पंचनाम्यात काय येतं, कुठलं कलम लागतं, तिथं बसून एक-एक शब्दासाठी भांडणारा आपला माणूस असला पाहिजे. कार्यकर्त्या मित्रा, इथं तुझं माझं भांडण मिटतं बघ. फिर्याद नीट लिहून घेणारा आणि मावशीची गचांडी नीट लिहिणारा, हे एकाच जातीचं काम करतात. दोघांनी रडू आवरून, झालं ते झालं तसं लिहायचं.

राहिला प्रश्न वाचतं कोण. ज्याच्यावर लिहितो त्याला वाचता येत नाही, ज्याला वाचता येतं त्याच्यावर लिहीत नाही, असा टोमणा मारतात. टोमणा जुना झालाय. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर किंवा दसऱ्याला दीक्षाभूमीवर जाऊन बघा, पुस्तकांच्या दुकानांपुढं गर्दी कुणाची असते. पायात तुटकी चप्पल, हातात पिशवी, पिशवीत भाकरी आणि दहा-वीस रुपयांची पुस्तिका. घरी पोरगं वाचून दाखवतं. १९८७ साली सरकारनं बाबासाहेबांच्या लिखाणाचा चौथा खंड काढला, 'रिडल्स'चा. त्यातल्या राम-कृष्णावरच्या भागावरून गदारोळ उठला, तो भाग काढा म्हणून. फेब्रुवारी १९८८ मध्ये मुंबईत आपले लाखो लोक रस्त्यावर आले. इंग्रजी पुस्तक! त्या मोर्चातल्या किती बायांना सही येत असेल? पण लिहिलेलं पुसू द्यायचं नाही हे त्यांना कळत होतं, भल्याभल्या पदवीधरांपेक्षा जास्त कळत होतं. तो भाग खंडात राहिला, सरकार या मताशी सहमत नाही अशी टीप जोडून.

आणि वाचता येत नसेल तर गाता येतं. वामनदादा कर्डकांना तरणेपणीपर्यंत अक्षर येत नव्हतं. कुणीतरी चिठ्ठी वाचायला दिली, वाचता आली नाही, ती लाज जिव्हारी लागली आणि ते अक्षरं शिकले, असं सांगतात. पुढं त्यांनी हजारो गाणी रचली आणि २००४ साली जाईपर्यंत गावोगाव गात हिंडले. अण्णाभाऊ साठेही शाळेत टिकले नाहीत, मुंबईत गिरणीत राबले, आणि 'फकिरा' ही कादंबरी बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली. लेखणीला! मला वाटतं त्यांनी विचार करून तो शब्द घातला असणार.

आता शेवटचं, आणि हे मला पक्कं सुटलेलं नाही. आपण दुःखच लिहायचं का? जन्मभर साक्षीदाराच्या पिंजऱ्यातच उभं राहायचं? १७ जानेवारी २०१६ ला हैदराबादच्या विद्यापीठात रोहित वेमुला गेला. त्याच्या पत्रात त्यानं लिहिलंय की त्याला लेखक व्हायचं होतं, विज्ञानाचा, कार्ल सेगनसारखा. म्हणजे त्याला ताऱ्यांबद्दल लिहायचं होतं, आणि त्याच्या हातून आपल्यापर्यंत पोचलं ते एक पत्र. पोरगं शिष्यवृत्तीवर शिकत होतं, त्याच्यावर कारवाया झाल्या, वसतिगृहातून बाहेर काढलं. त्याचे तारे कुठं गेले, हा हिशेबही कुणीतरी मागायला पाहिजे. मला कधी रातपाळी सुटल्यावर सायकलवरून येताना पहाटेचं आभाळ बघून काही सुचतं, त्यात जात नसते, गिरणी नसते, आणि मी स्वतःलाच दटावतो की हे काय आपल्या कामाचं? ते दटावणं बरोबर की चूक, मला कळत नाही. मावशीनं माझं नाव काढ म्हटलं तेव्हा कदाचित हेच म्हटलं असेल, की मी म्हणजे नुसतं माझं गटार नव्हे. आपल्यातल्या एखाद्यानं ताऱ्यांवर लिहिलं तर आपण त्याला फुटीर म्हणू नये, एवढं तरी मी आज म्हणू शकतो. यावर कुणाला लिहायचं असेल तर लिहा, मला वाचायचंय.

संपादक मित्रांना एक सूचना. पुढच्या अंकासाठी मजकूर मागवाल तेव्हा आवाहनात एवढं घाला. घटनेवर लिहिलं असेल तर गाव आणि तारीख द्या. माणसावर लिहिलं असेल तर त्याला वाचून दाखवलं का, आणि तो काय म्हणाला, ते कवितेखाली दोन ओळींत लिहा. नाव नको म्हणाला तर नाव काढा. आणि कागदाच्या एकाच बाजूला, ठळक अक्षरात लिहा म्हणावं, स्टेन्सिल कापताना पोरांचे डोळे जातात.